रेषेचा सोनार : आल्ब्रेख्त ड्यूरर

पाठ-परिचय

सोन्याचा दागिना घडविण्यापूर्वी सोनाराच्या मनात त्याचा नमुना असावा लागतो. हा नमुना कोण तयार करतो? तो एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात कसा पोहोचतो? आज या प्रश्नांची उत्तरे सोपी वाटतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपात मात्र नमुने हे कारागिराचे गुपित असे. हे गुपित तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरले आणि शेकडो कारागिरांना खुले झाले. या बदलात मोलाचा वाटा असलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन कलावंताचे चरित्र या पाठात आले आहे.

सोनाराचे घर

जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे पंधराव्या शतकात व्यापाराने गजबजलेले नगर होते. धातुकामासाठी त्याची ख्याती दूरवर पसरली होती. येथे २१ मे १४७१ रोजी आल्ब्रेख्त ड्यूररचा जन्म झाला. वडिलांचे नावही आल्ब्रेख्तच होते. ते मूळचे हंगेरीतील ग्युला नगराजवळच्या आयतोश या गावचे. त्यांचे वडीलही सोनारच होते. हंगेरीच्या भाषेत ‘आयतो’ म्हणजे दार. जर्मनीत आल्यावर या अर्थावरूनच घराण्याला ‘ड्यूरर’ हे आडनाव मिळाले आणि त्यांच्या कुलचिन्हावर उघडे दार आले.

थोरले ड्यूरर १४५५ साली न्यूरेंबर्गला आले. हिएरोनिमस होल्पर या सोनाराकडे त्यांनी बारा वर्षे काम केले आणि १४६७ साली त्याच्याच मुलीशी, बार्बराशी विवाह केला. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीचे, तर बार्बराचे अवघे पंधरा वर्षांचे होते. या दांपत्याला अठरा अपत्ये झाली. रोगराईच्या त्या काळात त्यांतील तीनच मोठी होऊन जगली : आल्ब्रेख्त, एंड्रेस आणि हान्स. घरात पाळणा वारंवार हलावा आणि वारंवार रिकामा व्हावा, असे ते दिवस होते. कष्ट, देवभीरूपणा आणि काटकसर हेच त्या घराचे धन होते.

मुलगा लिहायला-वाचायला शिकताच वडिलांनी त्याला शाळेतून काढून आपल्या कामाला लावले. ऐरण, हातोडी, कानस, चिमटा आणि कोरणी ही त्याची नवी पाटी-पेन्सिल झाली. सोन्याचांदीच्या पत्र्यावर नक्षी कोरताना हात थरथरला तर वस्तू बिघडते आणि मौल्यवान धातू वाया जातो. त्यामुळे डोळ्याला अचूकपणा आणि मनगटाला ताबा शिकविणारी याहून कडक शाळा दुसरी नव्हती. या शाळेतील शिक्षण ड्यूररला जन्मभर पुरले.

वाट बदलली

तेरा वर्षांचा असताना, १४८४ साली, आल्ब्रेख्तने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. त्यासाठी त्याने चांदीची टोकदार काडी वापरली होती. विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर अशी काडी ओढली की बारीक रेषा उमटते. पण ती पुसता येत नाही. एवढ्या कोवळ्या वयात एवढी निर्धास्त रेषा काढणारा हा मुलगा पुढे काय करणार, याची चाहूल या चित्रातून लागते. हे चित्र आजही व्हिएन्ना येथील आल्बेर्तिना संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

हात सोनारकामात तयार झाला, तेव्हाच मन चित्रकलेकडे ओढ घेऊ लागले. मुलाने ही इच्छा वडिलांना सांगितली. वडिलांना वाईट वाटले. कारखाना चालविणारा वारस हातचा जाणार होता आणि त्याला शिकविण्यात घालवलेली वर्षे व्यर्थ ठरणार होती. तरीही त्यांनी मुलाची इच्छा मोडली नाही. ३० नोव्हेंबर १४८६ रोजी त्यांनी त्याला मिखाएल व्होल्गेमुट या चित्रकाराकडे तीन वर्षांच्या उमेदवारीवर ठेवले. कारखाना पुढे धाकट्या एंड्रेसने सांभाळला.

व्होल्गेमुटच्या चित्रशाळेत छापील पुस्तकांसाठी लाकडी ठशांची चित्रेही तयार होत. आल्ब्रेख्तचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर हा न्यूरेंबर्गचा मोठा मुद्रक होता. तोही आधी सोनारच होता. छपाईची कला युरोपात तेव्हा नवी होती. एक चित्र एकाच भिंतीवर टांगले जाते, पण एका ठशातून निघालेली चित्रे अनेक घरांत जातात, हे या तरुणाने याच काळात जवळून पाहिले.

कोल्मारला पोहोचण्यास उशीर

उमेदवारी संपल्यावर गावोगाव हिंडून इतर गुरूंचे काम पाहावे, अशी त्या काळी रीत होती. १४९० च्या वसंतात ड्यूरर घराबाहेर पडला. त्याच्या मनात एक नाव होते : कोल्मारचा मार्टिन शोंगाउअर. शोंगाउअर हाही सोनाराचा मुलगा. तांब्यावर कोरलेल्या त्याच्या चित्रांना मोठी मागणी होती. त्यांत धार्मिक प्रसंग होतेच; शिवाय धूपपात्र, बिशपचा दंड, वेलबुट्टी अशा वस्तूंची व नक्षीची चित्रेही होती. ही चित्रे सोनारांना नमुना म्हणून उपयोगी पडत.

ड्यूरर १४९२ साली कोल्मारला पोहोचला, तेव्हा शोंगाउअरला जाऊन वर्ष उलटले होते. गुरूची भेट राहूनच गेली. शोंगाउअरच्या भावांनी, ज्यांत सोनारही होते, या तरुणाचे प्रेमाने स्वागत केले. प्रत्यक्ष गुरू भेटला नाही, तरी त्याची छापलेली चित्रे मागे उरली होती. ती समोर ठेवून ड्यूरर शिकला. गुरू हयात नसतानाही कागदावरून विद्या मिळू शकते, हा धडा त्याने येथे स्वतःच अनुभवला.

१४९४ साली तो परतला आणि ७ जुलै रोजी आग्नेस फ्राय हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिचे वडील तांब्याच्या कामात निष्णात होते. पुढे आग्नेस पतीची चित्रे न्यूरेंबर्गच्या बाजारात आणि फ्रांकफुर्टच्या जत्रेत स्वतः विकत असे. या दांपत्याला मूल झाले नाही. विवाहानंतर काही महिन्यांतच ड्यूरर इटलीला गेला आणि १४९५ साली परत येऊन त्याने स्वतःची चित्रशाळा थाटली.

पत्र्यावरची रेषा

ताम्रपटावरून चित्र छापण्याची रीत सोनारांच्या कारखान्यातूनच पुढे आली. ती समजून घेतली म्हणजे ड्यूररचे मोठेपण नीट कळते. तांब्याचा पत्रा प्रथम घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. मग पोलादी कोरणी तळहाताच्या आधाराने पुढे रेटत त्यावर रेषा कोरतात. वळणदार रेषा हवी असेल तर कोरणीपेक्षा पत्राच हळूहळू फिरवावा लागतो. कोरीवकाम झाल्यावर पत्र्यावर शाई चोळतात आणि वरची शाई पुसून काढतात. खाचांमधील शाई तेवढी आत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून तो रुळांच्या दाबाखालून काढला की चित्र कागदावर उतरते. ते उलटे उतरते; म्हणून कारागिराला डावे ते उजवे धरून कोरावे लागते.

लाकडी ठशाची रीत याच्या उलट असते. तेथे रेषा उंच राखून भोवतालचे लाकूड खोदून काढतात. ठसे खोदण्याचे काम ड्यूरर पुष्कळदा त्यातील खास कारागिरांकडे सोपवी. ताम्रपट मात्र तो स्वतः कोरी. तेथे त्याच्या मनगटातील सोनार जागा होई.

१४९८ साली त्याने बायबलमधील प्रलयदर्शनावर पंधरा लाकडी ठशांची चित्रमाला प्रसिद्ध केली आणि त्याचे नाव युरोपभर झाले. १५०४ साली ‘आदम आणि हव्वा’, १५१३ साली ‘वीर, मृत्यू आणि सैतान’, तर १५१४ साली ‘संत जेरोम’ व ‘मेलेंकोलिया’ ही ताम्रपट-चित्रे त्याने कोरली. लोकर, काच, पोलाद, केस आणि उन्हाचा कवडसा हे सारे त्याने केवळ काळ्या रेषेतून दाखविले. ‘मेलेंकोलिया’तील खिन्न देवदूतस्त्रीच्या भोवती कारागिराची हत्यारे विखुरलेली आहेत आणि भिंतीवर अंकांचा एक चौकोन आहे. त्यातील अंकांची बेरीज उभी, आडवी वा तिरपी कशीही केली तरी चौतीसच येते. तळच्या ओळीत मध्यभागी १५ आणि १४ हे अंक शेजारी येऊन चित्राचे वर्षही सांगतात.

सोनारांसाठी नमुने

ड्यूररने वडिलांचा धंदा सोडला, पण त्या धंद्याशी असलेले नाते सोडले नाही. पेले, झाकणाची पात्रे, मेजावर ठेवण्याची कारंजी यांची अनेक रेखाटने त्याने केली. ड्रेस्डेन येथील त्याच्या वहीत एका पानावर सहा पेल्यांचे सहा निरनिराळे घाट आहेत. उद्या आणखी काढीन, अशी नोंदही त्याने तेथे करून ठेवली आहे. सम्राट मॅक्सिमिलियनच्या तलवारीच्या मुठीसाठी त्याने क्रूसारोहणाचा प्रसंग एका चिमुकल्या गोल चकतीवर कोरला, असे मानले जाते. मोठ्या नाण्याएवढ्या त्या जागेत माणसांची गर्दी असूनही प्रत्येक चेहरा स्पष्ट आहे.

ड्यूररच्या पिढीत आणि त्यानंतर नक्षीच्या नमुन्यांची छापील चित्रे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. त्यापूर्वी सोनाराचे नमुने त्याच्या वहीत बंद असत. ती वही बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून निवडक शिष्याकडे जाई. ज्याला असा बाप किंवा गुरू नसे, त्याला नवी नक्षी पाहायलाही मिळत नसे. छापील नमुन्याने ही अडचण दूर केली. दूरच्या गावातील सोनारालाही अशी चित्रे विकत घेता येऊ लागली. गिऱ्हाइकापुढे चित्रे ठेवून घाट निवडणे सोपे झाले. कोणी नक्षी जशीच्या तशी उतरवी, कोणी तिचा अर्धाच भाग घेई, तर कोणी दोन नमुन्यांतून तिसरा तयार करी.

न्यूरेंबर्गमध्ये झेबाल्ड आणि बार्टेल बेहाम हे भाऊ, पुढे व्हिर्गिल झोलिस, आणि झोएस्ट नगरीत स्वतः सोनारकाम जाणणारा हाइनरिख आल्डेग्रेव्हर यांनी अशा चित्रांत नाव मिळविले. कट्यारीची म्याने, पट्ट्याचे बक्कल, चमचे यांसाठी आल्डेग्रेव्हरने सुंदर नमुने कोरले. त्याने आपली मुद्राही ड्यूररच्या मुद्रेच्या धर्तीवर घेतली होती. यांची चित्रे आकाराने इतकी लहान असत की पुढे त्यांच्या वर्गाला ‘छोटे उस्ताद’ असे नाव पडले.

नाव कोणाचे, नक्षी कोणाची?

छापील चित्रे जशी दूर गेली, तशी त्यांची नक्कलही होऊ लागली. ड्यूरर आपल्या चित्रांवर नावाच्या आद्याक्षरांची मुद्रा उमटवी. मोठ्या ‘ए’ अक्षराच्या पायांमध्ये छोटे ‘डी’ अक्षर बसविलेली ही मुद्रा खरेपणाची खूण ठरली होती. मार्कान्तोनियो राइमोंदी या इटालियन कोरककाराने ड्यूररच्या लाकडी ठशांच्या हुबेहूब प्रती तांब्यावर कोरल्या आणि मुद्राही तशीच उमटविली. इटालियन चरित्रकार वासारी याच्या वृत्तान्तानुसार ड्यूररने व्हेनिसच्या शासनाकडे दाद मागितली. त्याला एवढाच न्याय मिळाला, की नक्कल करणाऱ्याने ड्यूररची मुद्रा वापरू नये. चित्राची नक्कल करण्यास मनाई झाली नाही. १५१२ साली न्यूरेंबर्गच्या नगरसभेनेही अशाच एका परक्या विक्रेत्याला खोटी मुद्रा काढून टाकण्याची ताकीद दिली. त्याआधी, १५११ साली, ड्यूररने आपल्या चित्रपुस्तकाच्या शेवटी चोरांना कडक इशारा छापला होता आणि सम्राटाने दिलेल्या संरक्षणाचा हवाला दिला होता.

याच ड्यूररच्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिओनार्दो दा विंची याच्या नावाशी जोडलेली गाठींच्या नक्षीची काही ताम्रपट-चित्रे त्याने पाहिली. दोरीचा एक धागा शेकडो वेढे घेत संपूर्ण वर्तुळ भरून टाकतो, अशी ती गुंतागुंतीची नक्षी होती. ड्यूररने तिच्यावरून सहा लाकडी ठसे तयार करविले. मूळ चित्रांच्या मध्यभागी असलेले लिओनार्दोचे नाव त्यांत नव्हते आणि सुरुवातीच्या छपाईत ड्यूररची स्वतःची मुद्राही नव्हती. धातूची जाळी, भरतकाम, जरीकाम अशा कामांना उपयोगी पडावी अशीच ही नक्षी होती. म्हणजे जो कलावंत आपल्या नावासाठी भांडला, त्यानेच दुसऱ्याची नक्षी उचलली आणि निनावी करून पुढे दिली.

यात विसंगती आहे खरी. परंतु त्या काळची समजूत ध्यानात घेतली म्हणजे तिचा उलगडा होतो. नक्षी ही कारागिरांच्या वापरासाठीच असते आणि वापरली गेली तरच तिचे सार्थक होते. नाव मात्र ज्याचे त्याचे असते. ते दुसऱ्याने लावले तर ग्राहकाची फसवणूक होते. नक्कल आणि शिक्षण यांच्यामधील सीमारेषा कोठे ओढावी, हा प्रश्न तेव्हा पुरता सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही.

गेंडा आणि सोन्याचा सूर्य

ड्यूररच्या एका प्रसिद्ध चित्राचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. युरोपात कित्येक शतकांत जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. ड्यूररनेही तो पाहिला नाही. त्याच्यापर्यंत केवळ वर्णन आणि एक रेखाटन पोहोचले. त्यावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात गेंड्याची कातडी चिलखताच्या पत्र्यांसारखी दिसते आणि पाठीवर नसलेले एक छोटे शिंगही आले आहे. न पाहिलेला प्राणी काढताना सोनाराच्या मुलाला ओळखीच्या धातुकामाचा आधार वाटला असावा. पुढे कित्येक पिढ्या युरोपातील लोक गेंडा असाच असतो, असे समजत राहिले.

१५२० साली ड्यूरर पत्नीसह नेदरलँड्सला गेला. सम्राट मॅक्सिमिलियनने मंजूर केलेले शंभर गुल्डेनचे वर्षासन नव्या सम्राटाकडून कायम करून घ्यावयाचे होते. ब्रुसेल्समध्ये त्याने मेक्सिकोहून आलेला खजिना पाहिला. त्यात सोन्याचा एक भलामोठा सूर्य आणि चांदीचा तेवढाच चंद्र होता. त्या वस्तूंचे वजन किंवा किंमत पाहून नव्हे, तर त्या अनोळखी देशातील कारागिरांची सूक्ष्म बुद्धी पाहून तो थक्क झाला, असे त्याच्या रोजनिशीवरून दिसते. या प्रवासात अँटवर्पच्या सोनारांनी त्याला आणि आग्नेसला सन्मानाने जेवावयास बोलावले होते. तेथूनच झीलंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेला देवमासा पाहण्यासाठी तो थंडीवाऱ्यात गेला. देवमासा दिसला नाही. पुढे एक चिवट ताप मात्र अंगात शिरला. त्याने ड्यूररची प्रकृती कायमची ढासळली.

कारागिरांसाठी पुस्तक

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ड्यूररने कोरणीपेक्षा लेखणी अधिक हाती घेतली. १५२५ साली त्याने कंपास आणि पट्टीच्या साह्याने मापन शिकविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो केवळ चित्रकारांसाठी नव्हता. सोनार, मूर्तिकार, पाथरवट, सुतार, ज्यांना ज्यांना मापाची गरज पडते त्या सर्वांसाठी आपण लिहीत आहोत, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केले.

त्या काळी विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहीत. कारागिरांना ती भाषा येत नसे. ड्यूररने आपला ग्रंथ जर्मन भाषेत लिहिला. भूमितीतील वक्ररेषांना त्या भाषेत शब्द नव्हते, तेव्हा त्याने रोजच्या बोलण्यातून ते घडविले. लंबवर्तुळाला त्याने अंडरेषा म्हटले, मळसूत्री वळणाला गोगलगायरेषा म्हटले. कारखान्यात हात मळवणाऱ्या माणसाला वाचताक्षणी आकृती डोळ्यांसमोर यावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे १५३२ साली या जर्मन ग्रंथाचेच लॅटिनमध्ये भाषांतर झाले. कारागिरांसाठी लिहिलेले पुस्तक विद्वानांनी मागून घेतले!

ड्यूररचे स्वतःचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते. विलिबाल्ड पिर्कहाइमर या विद्वान मित्राच्या सहवासात, इटलीच्या प्रवासात आणि अखंड वाचनात त्याने ही उणीव भरून काढली. हाताला कौशल्य असूनही शास्त्राचा पाया नसला की कारागीर अडतो, हे त्याने स्वानुभवाने जाणले होते. म्हणूनच जे आपल्याला उशिरा आणि कष्टाने मिळाले, ते पुढच्यांना लवकर मिळावे, अशी त्याची तळमळ होती.

कागद उरला

६ एप्रिल १५२८ रोजी न्यूरेंबर्ग येथे ड्यूररचे निधन झाले. मानवी शरीराच्या प्रमाणांवरील त्याचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. सेंट योहानिसच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तो ज्या घरात राहिला, ते घर आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते.

त्याने पेरलेले बी त्याच्या नगरात रुजले. १५३१ पासून न्यूरेंबर्गमध्ये सोनाराला उस्ताद होण्यासाठी परीक्षा म्हणून फुलाच्या घाटाचा पेला, खड्याची अंगठी आणि कोरलेली मोहोर अशा तीन वस्तू घडवाव्या लागत. त्याच नगरातील वेन्झेल याम्नित्झर हा सोनार पुढे युरोपभर गाजला. १५६८ साली त्याने घनाकृतींवर स्वतःचे चित्रपुस्तक प्रसिद्ध केले. सोनाराने भूमितीचे पुस्तक काढावे, ही गोष्ट ड्यूररच्या आधी सहसा कोणाच्या मनात आली नसती.

सोने नाशवंत नाही, असे आपण म्हणतो. परंतु सोन्याचे दागिने आणि पात्रे मात्र अल्पायुषी ठरतात. युद्ध आले, कर्ज झाले किंवा रीत बदलली, की ती मुशीत जातात. थोरल्या ड्यूररांनी सम्राटासाठीही पात्रे घडविली. पण खात्रीने त्यांच्या हातची म्हणता येईल अशी एकही वस्तू आज शिल्लक नाही. ब्रुसेल्समधील तो सोन्याचा सूर्यही नाहीसा झाला. मुलाने कागदावर उतरवलेल्या रेषा मात्र पाचशे वर्षांनंतरही जगभरातील संग्रहालयांत आहेत. वडिलांना व्यर्थ गेल्यासारखी वाटलेली ती शिकवणुकीची वर्षे खरे तर व्यर्थ गेली नव्हती. पित्याने मनगटात घातलेली शिस्त पुत्राच्या रेषेत टिकून राहिली आणि त्या रेषेवरून, ज्यांना गुरू मिळाला नव्हता अशा कितीतरी कारागिरांनी आपापली विद्या मिळविली.

विचार करा आणि लिहा

१. आल्ब्रेख्तने चित्रकार होण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा वडिलांना वाईट का वाटले?
२. ताम्रपट आणि लाकडी ठसा यांतील फरक तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. छापील नमुन्यांमुळे सोनारांच्या व्यवसायात कोणते बदल झाले?
४. ड्यूररने मापनाचा ग्रंथ जर्मन भाषेत का लिहिला?
५. नक्षी सर्वांची, पण नाव ज्याचे त्याचे, या विचाराशी तुम्ही सहमत आहात का? तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराच्या कामाचे उदाहरण देऊन लिहा.